तीनशेच्या आत

तीनशेच्या आत काय मिळेल, तिनं विचारलं,
कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं मागावं
तशा आवाजात.
मंगळवार होता. दुकानात मी, हीटर
आणि गहाण पडलेली सतरा गिटारं,
ज्यांचे मालक आता येणार नव्हते.

वर्लीन टकेट. चिकन प्लांटमध्ये एकोणीस वर्षं.
सुरी धरून धरून
उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वळलेली.
मी ओळखत होतो तिला, म्हणजे
आर्कान्सातल्या या एवढ्याशा गावात
सगळे सगळ्यांना ओळखतात तेवढं:
गाडीचा रंग, चर्चमधली जागा,
कोणाचा मुलगा कधी सुटून आला.

आधी नवं, काळं, हलकं पिस्तूल काचेवर ठेवलं.
पहिलं म्हणून सगळे हेच घेतात, म्हटलं.
आम्ही हे सगळ्यांनाच म्हणतो.
तिनं वरचा भाग मागे ओढून पाहिला.
पुन्हा ओढला, दात आवळून.
पोलाद अर्ध्यावर आलं
आणि अडलेल्या ड्रॉवरसारखं परत गेलं.
तिनं ते खाली ठेवलं, तोंड भिंतीकडे करून.
तेवढं कोणीतरी शिकवलं असावं.

मग रिव्हॉल्व्हर. कुठल्याशा काउंटीच्या पोलिसांनी
मोडीत काढलेलं,
कातडी म्यानात घासून घासून
एका अंगाला चंदेरी झालेलं.
दोनशे एकोणनव्वद. गोळ्यांचे वेगळे.
ट्रिगर जड आहे, म्हटलं, पण भानगड नाही यात.
दाबलं की उडतं.

'चुकून उडणार नाही एवढं जड आहे ना?'

तीस वर्षांत हे मला
फार थोड्यांनी विचारलं.
बाकीचे विचारतात, माणूस एका गोळीत पडेल का.

कोणापासून, हे मी विचारायला नको होतं.
ती म्हणाली, मागच्या दारानं कोणीतरी येतं.
तीन, साडेतीनला.
कुलूप तोडून?
नाही.
फ्रीज उघडून उभं राहतं थोडा वेळ.
त्याच्या उजेडात भिंतीवर सावली पडते, खांदे पाडलेली.
मग काहीतरी घेऊन जातं.
गेल्या वेळी ड्रिल. त्याआधी नवऱ्याचं घड्याळ.
एकदा नुसती उकडलेली अंडी.

हीटर खडखडला.
शेजारच्या हार्डवेअरमध्ये
दाराचं नवं कुलूप बावीस डॉलरला आहे,
दोन किल्ल्यांसकट.
मला ठाऊक होतं. तिलाही असणारच.
आम्ही दोघं त्या बावीस डॉलरांच्या
अलीकडे पलीकडे उभे राहिलो
आणि कोणीच काही बोललं नाही.

फॉर्म काढला. नाव, जन्मतारीख, पत्ता.
मग तो प्रश्न: ही वस्तू तुम्ही
स्वतःसाठीच घेत आहात ना?
तिचं पेन थांबलं.
दुकानाचंच पेन, फुकट वाटायचं.
त्यावर आमचं नाव आणि खाली: शांत झोपा.

'हप्त्यानं ठेवता येईल?'
येईल, म्हटलं. आठवड्याला वीस.

तेव्हापासून शुक्रवारी पगार झाला की येते.
वीसची नोट काचेवर सपाट करते.
मी मागून रिव्हॉल्व्हर आणतो,
ती चाक उघडून रिकामी सहा घरं बघते,
मिटते, माझ्याकडे परत सरकवते.
शाळेत पहिल्या बाकावरच्या मुलीनं
पाटी दाखवावी तसं काहीतरी असतं त्यात.
पाटी कोरीच असते.

आज नववा हप्ता.
मध्येच सोडलं तर पैसे मिळतात का, म्हणाली.
दहा टक्के कापून, म्हटलं.
तिनं मान हलवली. मग वीस दिलेच.

पावती द्यायला मी गाडीपर्यंत गेलो.
मागच्या सीटवर अंड्यांचे दोन ट्रे,
साठ अंडी, सीटबेल्ट लावून.
राहते एकटीच.